ऑटोकॅडचे ब्लॉक सांभाळायचे कसे: नाव एक आणि दारं दोन झाली की काय होतं

दारव्ह्याकडच्या एका पोरानं विचारलंय. आयटीआय ड्राफ्ट्समन सिव्हिल करून दोन वर्षांपासून तालुक्यातल्या एका इंजिनिअरकडे ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढतो. त्याचं म्हणणं असं की दारं, खिडक्या, संडासचं भांडं, टायटल ब्लॉक (नकाशाच्या कोपऱ्यातली नाव-गाव लिहायची चौकट) सगळं जुन्या फाईलमधून कॉपी-पेस्ट करतो, आता साध्या दोन खोल्यांच्या घराची फाईल ३८ एमबीची झाली, आणि एक दार दुरुस्त केलं की कधी सगळीच दारं बदलतात तर कधी एकच बदलतं, असं काहून होते, आणि ब्लॉकची लायब्ररी नीट ठेवायची कशी.

भाऊ, मी हे काम वीस वर्षांहून जास्त करतोय, यवतमाळ-वर्धा पट्ट्यातच, त्यामुळे तुझी फाईल न बघताही आत काय झालं असेल ते मला दिसतंय. सविस्तर सांगतो, कारण हे कोणी शिकवत नाही. क्लासमध्ये ब्लॉकची कमांड अर्ध्या तासात उरकतात आणि पुढं लाईन-ट्रिमच्या मागं लागतात.

आधी मुळातली गोष्ट. ब्लॉक म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेलं चित्र, जसं एक दार, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक त्याची व्याख्या आणि दुसरी त्याची जागा. व्याख्या म्हणजे दार कसं दिसतं, किती लाईनी, किती मोठी कमान, आणि ती त्या डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या नकाशाच्या, फाईलच्या पोटात एकदाच साठवलेली असते. नकाशात दहा दारं दिसतात ती फक्त दहा जागा आहेत, इथे ठेव, इतकं फिरव, एवढंच. म्हणून व्याख्या बदलली की दहाच्या दहा बदलतात. ही कल्पना ऑटोकॅडच्याही आधीची आहे, आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीमध्ये स्केचपॅड केलं तेव्हाच त्यात मूळ चित्र एक आणि त्याच्या प्रती अनेक अशी सोय होती, ऑटोकॅड तर १९८२ च्या डिसेंबरात आलं.

आता तुझं एकच दार बदलतं तेव्हा काय झालेलं असतं? एक तर ते दार कोणीतरी एक्स्प्लोड केलंय, म्हणजे तो ब्लॉक राहिलाच नाही, सुट्या लाईनी झाल्यात. नाहीतर ते दिसायला तेच पण वेगळ्या नावाचं आहे. पेस्ट ॲज ब्लॉक केलं की ऑटोकॅड स्वतःच ए डॉलर सी आणि पुढं काहीतरी अक्षरं-आकडे असं नाव देतं, तुझ्या फाईलमध्ये अशी नावं ढीगभर असतील. दारावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघड, नाव बघ, लगेच कळेल.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. व्याख्या प्रत्येक फाईलच्या आपापल्या पोटात असते. तुझ्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये दार सुधारलंस म्हणून जुन्या नकाशातलं दार सुधारत नाही. आणि एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये पेस्ट करताना दोन्हीकडे एकाच नावाचा ब्लॉक असेल तर ज्या फाईलमध्ये पेस्ट करतोस तिथलीच व्याख्या टिकते, आणलेली सोडून दिली जाते. खाली कमांड लाईनवर डुप्लिकेट डेफिनिशन इग्नोअर्ड अशी एक ओळ येते बस, आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

मी पण नव्हती वाचली. एका शेतकऱ्याच्या घराचा नकाशा होता, समोरच्या दाराला मी डी१ नाव ठेवलं होतं, साडेतीन फूट बाय सात फूट. वरच्या मजल्याचा भाग त्यांच्या भावाच्या घराच्या फाईलमध्ये तयार होता, म्हणून मी खालचा मजला उचलून त्या फाईलमध्ये पेस्ट केला. त्या फाईलमध्ये डी१ आधीच होता आणि तो तीन फुटाचा होता. माझी साडेतीन फुटाची दारं गुपचूप तीन फुटाची झाली. भिंतीतला गाळा, म्हणजे दारासाठी सोडलेली मोकळी जागा, साडेतीनचाच राहिला, म्हणजे कागदावर दाराच्या बाजूला सहा इंचाची फट दिसत होती, पण एकास शंभरच्या प्रिंटवर ती फट दीड मिलिमीटरची, पेनाच्या रेघेसारखी. दारा-खिडक्यांचा तक्ता मी फाईलमधल्या ब्लॉकवरून भरला. सुतारानं तक्ता बघून सागाच्या चौकटी केल्या, मिस्त्रीनं प्लॅन बघून गाळे सोडले. चौकट उभी करायच्या दिवशी मला फोन आला, मी गेलो तर सुतार एका बाजूला चौकट टेकवून उभा आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत त्यानं आपला अख्खा हात घातलेला. तो काहीच बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत होता. घरमालक म्हणाले, "बाप्पा, आता हे इटा घालून बुजवू का?" शेवटी तेच केलं, विटा घालून गाळे लहान केले, आणि ज्या दारातून धान्याची पोती आत न्यायची होती ते दार कायमचं सहा इंच अरुंद राहिलं. त्या घरी मी आजही जातो आणि दारातून आत शिरताना मला ते आठवतंच.

म्हणून नाव. डी१, डी२, डब्ल्यू१ ही नावं नकाशावर लिहायला ठीक आहेत, ब्लॉकला ती नावं द्यायची नाहीत, कारण प्रत्येक ऑफिसचा, प्रत्येक पोराचा डी१ वेगळा असतो. ब्लॉकच्या नावात वस्तू, माप आणि ती वरून दिसते की समोरून एवढं आलं पाहिजे, जसं दार, मग एकपाकी, मग ४२ इंच, मग प्लॅन. माप नावातच असलं की दोन वेगळी दारं एका नावाखाली येऊच शकत नाहीत. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेव, मधे रेघ वापर, आणि शेवटी आवृत्तीचा आकडा लाव. फायनल, न्यू, लेटेस्ट, साहेबवाला असली नावं आजपासून बंद.

आता ब्लॉक बनवताना तीन चुका होतात, जवळजवळ सगळ्यांच्याच. पहिली बेस पॉइंटची, म्हणजे ब्लॉक ठेवताना कर्सरला जो बिंदू चिकटतो त्याची. बेस पॉइंट न निवडता ओके दाबलं तर तो शून्य-शून्यवर जातो आणि मग इन्सर्ट करताना कर्सर इथे आणि दार कुठंतरी गावाबाहेर. दाराचा बेस पॉइंट बिजागरीच्या बाजूला, भिंतीच्या कडेवर, जिथं तू गाळ्याच्या कोपऱ्याला ते चिकटवतोस. खिडकीचा मी भिंतीच्या मध्यावर ठेवतो. संडासच्या भांड्याचा मागच्या भिंतीला लागतो तिथं. इन्सर्ट केल्यावर मूव्ह करावं लागत असेल तर बेस पॉइंट चुकलाय असं समज.

दुसरी लेअरची, लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर. ब्लॉकच्या आतलं सगळं शून्य नावाच्या लेअरवर काढ आणि रंग बायलेअर, म्हणजे लेअरचाच, ठेव. शून्य लेअरला एक खास गुण आहे, त्याच्यावर काढलेली वस्तू ब्लॉक ज्या लेअरवर ठेवतोस त्याचा रंग आणि रेघ घेते. म्हणजे तेच दार नव्या कामाच्या लेअरवर ठेवलं तर तसं दिसेल, पाडायच्या कामाच्या लेअरवर ठेवलं तर तसं. आतल्या लाईनी दुसऱ्या कुठल्या लेअरवर असल्या तर त्या आपलाच रंग धरून बसतात, आणि तू दारांचा लेअर ऑफ केलास तरी त्या लाईनी तशाच दिसत राहतात, फ्रीझ केलास तरच जातात. किती पोरं यात तासभर घालवतात. नेटवरून उतरवलेल्या ब्लॉकमध्ये तर परदेशातल्या कुठल्या ऑफिसचे पंधरा-वीस लेअर येतात सोबत, आणि ते तुझ्या फाईलमध्ये जाऊन बसतात.

तिसरी युनिटची, आणि आपल्याकडे ही सगळ्यात जास्त, कारण घरमालक फुटात बोलतो, मिस्त्री इंचात आणि सरकारी नकाशा मीटर-मिलिमीटरमध्ये. ९०० मिलिमीटरचं दार इंचाच्या फाईलमध्ये युनिट न सांगता आणलं तर ते ९०० इंच होतं, म्हणजे ७५ फुटाचं दार. ते दिसतं तरी, लगेच सापडतं. खरा त्रास अर्धवट चुकांचा, कोणीतरी हातानं स्केल करून अंदाजे बसवलेल्या. युनिट्सच्या कमांडमध्ये इन्सर्शन स्केल असतं, तिथं फाईलचं खरं एकक निवड, आणि ब्लॉक बनवताना त्याच्या खिडकीत ब्लॉक युनिटही निवड, मग ऑटोकॅड स्वतः २५.४ नं गुणायचं की भागायचं ते करून घेतं. युनिटलेस कधी ठेवू नको.

आणि दार मोठं करायला त्याला एकाच दिशेनं ताणू नको. एक्स वेगळा आणि वाय वेगळा स्केल दिला की दार उघडल्याची जी पाव वर्तुळाची कमान असते ती लंबवर्तुळ होते, नीट बघितलं तर लगेच कळतं, आणि चौकटीची जाडीही ताणली जाते. दुसऱ्याचा नकाशा तपासायला आला की मी आधी दारांच्या कमानी बघतो, त्यावरून काढणाऱ्याचा हात समजतो.

वेगवेगळ्या मापांसाठी डायनॅमिक ब्लॉक आहेत, २००६ च्या आवृत्तीपासून. एकाच दाराला अडीच, तीन, साडेतीन अशी मापं यादीतून निवडता येतात, उलटसुलट फिरवता येतं, एका ब्लॉकमध्ये प्लॅन आणि एलिव्हेशन दोन्ही ठेवता येतं. चांगलं आहे, दारा-खिडक्यांना जरूर कर. माप नावात असू दे म्हटलं ते साध्या ब्लॉकसाठी, इथं नावात मापाऐवजी यादीचा प्रकार लिही. पण सगळं जग एका ब्लॉकमध्ये कोंबायच्या नादी लागू नको. मी एकदा बारा प्रकारच्या खिडक्यांचा एकच ब्लॉक केला होता, चार दिवस लागले, आणि नंतर तो दुरुस्त करायला मलाच जमेना. शिवाय समोरच्याकडे दुसरं फुकटातलं कॅड असेल तर त्याला बरेचदा नुसतं चित्र दिसतं, ती हलवायची बटणं येत नाहीत.

लायब्ररी कुठं ठेवायची ते आता. एक फोल्डर, एकाच मशीनवर किंवा एकाच सर्व्हरवर, आणि त्यात लिहायची मुभा एकाच माणसाला, बाकीच्यांना फक्त वाचायची. तुझ्या ऑफिसात तीनच माणसं असली तरी. ज्याला नवीन ब्लॉक हवा त्यानं त्या माणसाला सांगायचं, त्यानं तपासून टाकायचा. पेनड्राईव्हवर लायब्ररी घेऊन फिरणं बंद कर, दोन पेनड्राईव्ह म्हणजे दोन लायब्ररी. वापरायला टूल पॅलेट सोपं पडतं, कंट्रोल आणि ३ दाबलं की उघडतं, डिझाईन सेंटर कंट्रोल आणि २ वर, आणि २०२० पासून ब्लॉक्स पॅलेट आलंय. काहीही वापर. एवढं लक्षात ठेव की टूल पॅलेटवर फक्त त्या फाईलचा पत्ता असतो, फोल्डर हलवलास की चित्रं दिसतील पण ब्लॉक येणार नाही. आणि तिथून ओढला तरी वरचाच नियम लागतो, फाईलमध्ये त्या नावाची व्याख्या आधीच असेल तर तीच जुनी येते.

मग जुन्या नकाशात नवीन दार आणायचं कसं? कमांड लाईनवर इन्सर्टच्या आधी उणे चिन्ह देऊन टाईप कर, नाव विचारलं की ब्लॉकचं नाव लिहून पुढं बरोबरचं चिन्ह आणि नवीन फाईलचा पत्ता दे, ते विचारेल आधीचं बदलू का, हो म्हण, आणि पुढं जागा विचारली की एस्केप दाब. नवीन काही बसत नाही, पण आधीची सगळी बदलतात. डिझाईन सेंटरमध्ये राईट क्लिक करून रिडिफाईन ओन्ली म्हटलं तरी तेच होतं. पण जो नकाशा मंजूर होऊन शिक्का बसून आलाय त्या फाईलमध्ये हे करायचं नाही. कागदावर एक आणि कॉम्प्युटरवर दुसरं असं झालं की उद्या वाद झाला तर तुझ्याकडे दाखवायला काही उरत नाही. मंजूर फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये रीड ओन्ली करून ठेव.

टायटल ब्लॉकबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथं पोरं रोज चुकतात. मालकाचं नाव, मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा नंबर, तालुका, जिल्हा, तारीख, हे टेक्स्ट म्हणून लिहायचं नाही, ॲट्रिब्यूट, म्हणजे ब्लॉकमधली भरायची रिकामी जागा, म्हणून ठेवायचं. टेक्स्ट म्हणून ठेवलं की मागच्या माणसाचा खसरा नंबर पुढच्या माणसाच्या नकाशावर जातो, असा नकाशा ग्रामपंचायतीत पोचलेला मी बघितलाय, आणि त्या माणसाला दोन चकरा माराव्या लागल्या, मजुरी बुडवून. ॲट्रिब्यूट असलं की इन्सर्ट करतानाच प्रत्येक गोष्ट विचारली जाते. डीफॉल्ट जागा रिकामी नको ठेवू, तिथं "भरा" असं लिहून ठेव, राहिलं तर प्रिंटवर डोळ्यात येतं. नंतर एखादं ॲट्रिब्यूट वाढवलंस तर आधीच्या टायटल ब्लॉकमध्ये ते आपोआप येत नाही, त्याला ॲटसिंक मारावं लागतं, आणि ॲटसिंक मारलं की हातानं सरकवलेली अक्षरं परत मूळ जागी जातात, तेवढं बघून घे. आणि टायटल ब्लॉक एक्स्प्लोड केला तर भरलेली नावं जाऊन नुसते टॅग उरतात. फोडायचाच असेल तर एक्सप्रेस टूल्समधलं बर्स्ट वापर, त्यात लिहिलेलं टिकतं.

मराठी अक्षरांसाठी ब्लॉकच्या टेक्स्ट स्टाईलमध्ये मंगलसारखा युनिकोड फॉन्ट ठेव. जुने टायपिंगवाले फॉन्ट ठेवलेस तर तुझ्या मशीनवर गावाचं नाव छान दिसेल आणि यवतमाळच्या प्लॉटिंगवाल्याकडे बाराखडीचा चिवडा निघेल, आणि तू एसटीनं तिथवर गेलेला असशील.

ॲट्रिब्यूट नीट असले तर मोजणीही फुकट मिळते. डेटा एक्स्ट्रॅक्शननं सगळी दारं-खिडक्या मापासकट एक्सेलमध्ये येतात, २०२२ पासून काऊंट म्हणून कमांड पण आहे. माझ्या त्या चौकटींच्या वेळेला मी तक्ता भिंतीतल्या गाळ्याशी ताडून बघितला असता तर सापडलं असतं. आता मी मोजणी ब्लॉकवरून घेतो आणि गाळे डायमेन्शननं वेगळे मोजतो, दोन्ही जुळले तरच तक्ता सुताराला.

एकच घर वीस वेळा येतं तिथं मात्र ब्लॉकपेक्षा एक्सरेफ बरा, म्हणजे दुसरी फाईल बाहेरून जोडून दाखवणं. घरकुलाचं काम घे, प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि एका लेआऊटमध्ये तशी घरं ओळीनं. घराची एक फाईल ठेवून ती लेआऊटला जोडली तर घर बदलल्यावर लेआऊट उघडताच नवीन दिसतं. फक्त बाहेर पाठवताना ई ट्रान्समिट कर (जोडलेल्या फाईली सोबत बांधून जातात) किंवा बाइंड कर (त्या एकाच फाईलमध्ये मिसळतात), नाहीतर समोरच्याकडे प्लॉटच्या रेघा दिसतील आणि घरं गायब.

आणि तुझी लायब्ररी तुझ्या गावाची असू दे, हे मी मनापासून सांगतो. नेटवरच्या लायब्ररीत नारळाची झाडं, स्विमिंग पूल, गोल सोफे, परदेशी गाड्या. एकेका झाडात हजारो लाईनी, फाईल त्यानंच फुगते. आपल्याला काय लागतं? बंडी म्हणजे बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, कोठ्यातली गव्हाण आणि उभा बैल, तुळशीवृंदावन, चूल, न्हाणी, शोषखड्डा, सपरीतली बंगई, कवेलूचं छप्पर. हे कुठंच तयार मिळत नाही. मी टेप घेऊन शेजारच्या काकाजींची बंडी मोजली होती, जू लावून आणि जू काढून, आणि ती अंगणात वळायला किती जागा घेते ते चुन्यानं आखून बघितलं. त्या एका ब्लॉकमुळे किती घरांची फाटकं मी रुंद केली असतील, कारण नकाशात बंडी ठेवून दाखवली की घरमालकाला लगेच दिसतं की ती आत येत नाही. त्यांना फूट-इंच सांगून जे समजत नाही ते बंडी बघून समजतं. असा ब्लॉक मोजक्या लाईनींत काढ, वीस-पंचवीस पुरेत.

आता तुझ्या ३८ एमबीच्या फाईलचं. आधी सेव्ह ॲज करून कॉपी कर, मूळला हात लावू नको. कॉपीत ऑडिट चालव, चुका दुरुस्त करू का विचारेल, हो म्हण. मग पर्ज, त्यात नेस्टेड आयटेमवर खूण कर, म्हणजे ब्लॉकच्या आतले ब्लॉकही निघतील. न वापरलेल्या सगळ्या व्याख्या जातील, जुन्या नकाशांचं जे पोटात साठलंय ते. मग उणे चिन्ह लावून पर्ज आणि त्यात रेगॲप्स, हा कचरा डोळ्याला दिसत नाही पण हजारोंनी असतो. तरी फाईल मोठीच राहिली तर फक्त हवा तो नकाशा निवडून डब्ल्यूब्लॉकनं नवीन फाईलमध्ये काढ. मग रिनेम उघडून ए डॉलर सीवाली नावं बघ, काय आहे ते ओळखून नीट नाव दे किंवा लायब्ररीतला ब्लॉक बसवून जुना काढ.

एकदम सगळं करायला जाऊ नको, रोजचं कामही आहे. पहिल्या आठवड्यात फक्त दारं आणि टायटल ब्लॉक कर, खिडक्या त्यानंतर. आणि वायरिंगची चिन्हं तुझ्या ऑफिसात कोण काढतं ते बघ, ती त्यालाच करू दे.